स्कोअर वाढतो, पण लेबल जागचं हलत नाही (गोडो ४ हे गेम बनवायचं इंजिन)

नाणं उचललं की प्रिंटमध्ये स्कोअर वाढलेला दिसतो, पडद्यावर मात्र 'गुण: ०' तसंच राहतं, असा तुमचा प्रश्न आहे. तुम्ही लेबलचा (पडद्यावर मजकूर दाखवणाऱ्या घटकाचा) मजकूर रेडी फंक्शनमध्ये (सीन सुरू होताना एकदाच चालणाऱ्या) एकदाच भरलाय, गडबड तिथेच आहे. लेबलच्या टेक्स्टमध्ये व्हेरिएबल बसत नाही, त्या क्षणी तयार झालेली स्ट्रिंग (मजकुराचा तुकडा) बसते. ती ओळ चालली तेव्हा स्कोअर ० होता. पुढे त्याचं काय झालं, हे लेबलला कोणी सांगितलेलंच नाही.

तीच ओळ प्रोसेस फंक्शनमध्ये (दर फ्रेमला चालणाऱ्या) टाकली तर काम होईल, आणि लोक म्हणतात तेवढं ते वाईटही नाही. मजकूर आधीचाच असेल तर लेबल तो पुन्हा मांडत बसत नाही. दर फ्रेमला स्ट्रिंग बनवण्याचा खर्च तेवढा राहतो. एक-दोन लेबलांना चालून जाईल. पण स्कोअर वाढल्यावर आवाज वाजवायचा, लेबल क्षणभर मोठं करायचं, असं काही हवं असेल तर बदल नेमका कधी झाला हे कळावंच लागतं.

त्यासाठी सेटर (व्हेरिएबलला किंमत देताना आपोआप चालणारा कोड) आणि सिग्नल (बदल झाल्याची इतरांना दिलेली हाक) वापरा. स्कोअर ज्या स्क्रिप्टमध्ये आहे (शक्यतो ऑटोलोड, म्हणजे गेम सुरू होताना आपोआप लोड होणारी स्क्रिप्ट; सीन बदलला तरी स्कोअर टिकतो) तिथे वर एक सिग्नल जाहीर करा आणि त्यात नवी किंमत पाठवायची सोय ठेवा. मग व्हेरिएबलच्या खाली सेट ब्लॉक लिहा. त्यात तीनच ओळी लागतात: नवी किंमत जुन्याइतकीच असेल तर परत फिरा, नाहीतर किंमत साठवा, मग सिग्नल एमिट करा (सोडा). साठवायच्या आधी एमिट केलंत तर ऐकणाऱ्याने थेट व्हेरिएबल वाचल्यावर त्याला जुनाच आकडा मिळेल.

लेबलच्या स्क्रिप्टमध्ये, रेडी फंक्शनमध्ये तो सिग्नल कनेक्ट करा. कनेक्टला फंक्शनचं नुसतं नाव द्यायचं, पुढे कंस नाहीत. कंस दिलेत की फंक्शन तिथल्या तिथे चालतं. आणि कनेक्ट केल्यावर तेच फंक्शन आताचा स्कोअर देऊन एकदा हाताने बोलवा. सुरुवातीची ० सेटरमधून जात नाही आणि कनेक्ट होण्याआधी सुटलेला सिग्नल परत येत नाही, त्यामुळे ही ओळ विसरलात तर पहिलं नाणं मिळेपर्यंत लेबल कोरं दिसेल. फंक्शनच्या आत पूर्णांक सरळ टेक्स्टला देऊ नका, एरर येईल. एसटीआर (str) फंक्शनमधून स्ट्रिंग करून द्या.

आता लोक कुठे अडकतात ते. गोडो ३ चे धडे बघून लिहीत असाल तर तिथला सेटगेट (सेटर जोडायचा जुना शब्द) ४ मध्ये नाही. शिवाय ३ मध्ये त्याच स्क्रिप्टमधून, सेल्फ न लावता किंमत दिली की सेटर चालत नसे. ४ मध्ये तो नेहमी चालतो. सेटरच्या आत स्वतःलाच किंमत दिली तर चालतं, पण सेटरने दुसरं फंक्शन बोलावलं आणि त्याने स्कोअर बदलला, तर तो पुन्हा सेटरमध्ये शिरतो आणि शेवटी स्टॅक ओव्हरफ्लो होतो (फंक्शन स्वतःलाच बोलवत राहून गेम बंद पडतो). ॲरेला (यादीला) ॲपेंड केलं, म्हणजे शेवटी काही जोडलं, तर सेटर चालत नाही, कारण व्हेरिएबल तोच ॲरे धरून आहे; तिथे ॲपेंड करणारं स्वतंत्र फंक्शन लिहून त्यातून एमिट करा. एक्सपोर्ट केलेल्या (एडिटरमधून बदलता येणाऱ्या) व्हेरिएबलला इन्स्पेक्टरमध्ये वेगळी किंमत दिली असेल तर सेटर रेडीच्या आधीच चालतो. अशा सेटरमधून थेट लेबलला हात लावाल तर ते अजून नल (रिकामं) असतं. सिग्नलने हा घोळ आपोआप टळतो.

उलटी मोजणी दाखवायची असेल तर मात्र सरळ प्रोसेस वापरा. टायमरची उरलेली वेळ दर फ्रेमला बदलते, तिथे सिग्नल कशाला? फक्त ती सील (ceil) फंक्शनने वरच्या पूर्णांकाकडे ढकला, नाहीतर शेवटचा पूर्ण सेकंद ० दिसत राहतो.

तुमचं लेबल मराठीत आहे म्हणून आणखी एक: देवनागरी अक्षरं असलेला फाँट प्रोजेक्टमध्ये घालून लेबलला द्या. संगणकावर सिस्टिमचा फाँट मदतीला येतो म्हणून सगळं ठीक दिसतं, वेब एक्सपोर्टमध्ये त्याच जागी चौकोन येतात. एसटीआर फंक्शन आकडे इंग्रजीच (120) देतं. '१२०' असं हवं असेल तर लेबलच्या फंक्शनमध्ये दहाही अंक रिप्लेस करून घ्या, स्कोअर व्हेरिएबल पूर्णांकच राहू द्या.