मेसेज घरात कुणी वाचला तर?

"मॅडम, माझा नंबर खोडून टाका. मला काही पाठवू नका." खुर्चीवर टेकायच्या आधीच तो म्हणाला. वय २७, एमआयडीसीत वेल्डर, भाऊ-वहिनीबरोबर दोन खोल्यांत राहतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या रोजच्या गोळ्या, सुरू होऊन चार महिने झालेले आणि तीन आठवडे गोळ्या बंद. आला होता तोही फक्त नंबर खोडायला सांगायला.

चूक माझी होती. तारखेच्या आदल्या दिवशी मी व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं, 'उद्या एआरटीच्या गोळ्या न्यायला या.' फोन फळीवर चार्जिंगला. पुतणीने स्क्रीनवर उमटलेल्या ओळी मोठ्याने वाचल्या. "काका, एआरटी म्हणजे काय?" थायरॉईडचं काहीतरी आहे असं सांगून त्याने वेळ मारून नेली, पण त्या दिवसापासून डबी कुठे ठेवायची याचाच घोर.

ही भीती माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना असते आणि ती उगाच नसते. २०१७च्या एचआयव्ही कायद्यानुसार, काही अपवाद सोडले तर, संमतीशिवाय कुणाला एचआयव्ही आहे हे उघड करता येत नाही. पण कायदा फळीवरच्या फोनपर्यंत पोचत नाही, तिथली काळजी आम्हीच घ्यायची असते. मी त्याची माफी मागितली.

"खोडते. पण आधी फोन दाखवता का?" स्क्रीन बंद असताना मजकूर दिसू नये, ही सेटिंग त्याने माझ्यासमोर बदलली. व्हॉट्सॲपला वेगळं लॉक लावलं. एका ग्रुपमध्ये कुणीतरी त्याला जोडलं होतं, तिथे त्याचा नंबर सगळ्यांना दिसत होता. आणि तिथेच 'अमुक काढ्याने एचआयव्ही मुळापासून जातो' असा व्हिडिओ फिरत होता. गोळ्या बंद करायला तोही थोडा कारणीभूत होता, हे त्याने बऱ्याच वेळाने सांगितलं. असा कुठलाही काढा नाही. गोळ्या रोज घेतल्या तर विषाणू दबून राहतो, सोडल्या की पुन्हा वाढतो, आणि खाडे होत राहिले तर औषधच लागू पडेनासं होऊ शकतं. तो ग्रुपमधून बाहेर पडला. रात्री-अपरात्री शंका आली तर १०९७ ही नॅकोची, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची, मोफत हेल्पलाइन आहे, तिथे नाव सांगावं लागत नाही, हेही सांगितलं.

मग शब्द ठरवायचा होता. घरात पाण्याची मोटर लावायचं काम त्याचंच. म्हणून रात्री नऊचा अलार्म, नाव 'मोटर'. गोळ्या न्यायची तारीख आली की माझा मेसेज, 'मोटर बघून घ्या.' त्याचं उत्तर, 'टाकी भरतो.' नंबर त्याने स्वतःच 'प्लंबर ताई' म्हणून जतन केला. त्याच दिवशी डॉक्टरांनी तपासून गोळ्या पुन्हा सुरू केल्या.

तेव्हापासून नव्या माणसाला मी पहिल्याच भेटीत विचारते: फोन आणखी कोण हाताळतं, मेसेज चालेल का, किती वाजता, कोणत्या शब्दांत? 'नको' म्हणाला तर नाही. पुढची तारीख कागदावर लिहून देते.

सहा महिन्यांनी त्याचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे याचा, रिपोर्ट आला. विषाणू मोजण्याइतकाही सापडला नव्हता. संध्याकाळी मेसेज: 'ताई, टाकी फुल्ल. लग्नाचं विचारायचंय. पण हे फोनवर नको, समोर बसून बोलू.'