आरएनए तोडणारी विकरे आणि पेशीतील बंदोबस्त

प्रश्न : वनस्पतींच्या पेशींत आरएनए तोडणारी विकरे (एन्झाइम) कायम असतात, असे वाचनात आले. मग पेशीला हवे असलेले आरएनए त्यांच्या तावडीतून सुटते कसे? आणि ही विकरे डीएनएला का तोडत नाहीत?

उत्तर : दुसरा प्रश्न सोपा आहे, म्हणून तो आधी घेऊ. आरएनएमधील शर्करेच्या दुसऱ्या क्रमांकाच्या कार्बनवर एक हायड्रॉक्सिल गट असतो, जो डीएनएमध्ये नसतो. वनस्पतींत सर्वत्र आढळणारी टी२ कुळातील विकरे आपल्याजवळच्या हिस्टिडीन या अमिनो आम्लाच्या साहाय्याने याच गटाला शेजारच्या फॉस्फेटवर चाल करायला लावतात, त्यामुळे साखळी तुटते आणि तुटल्या टोकाशी फॉस्फेटचे एक कडे तयार होते. डीएनएकडे हा गटच नसल्याने त्याच्यावर ही युक्ती चालत नाही. मात्र हे सर्वच विकरांना लागू नाही. पाने पिवळी पडताना वाढणारे बीएफएन१ हे विकर जस्ताच्या आधाराने काम करते आणि ते आरएनए व डीएनए दोन्ही तोडते.

आता तुमचा मुख्य प्रश्न. माझ्या मते येथे विकराच्या ताकदीपेक्षा त्याचा पत्ता अधिक महत्त्वाचा आहे. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील छोट्या वनस्पतीत आरएनएस२ हे टी२ कुळातील विकर प्रामुख्याने रिक्तिकेत, म्हणजे आम्लधर्मी द्रवाने भरलेल्या पिशवीत, कोंडलेले असते. पेशीतील बहुतांश आरएनए रायबोसोममध्ये, म्हणजे प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेत, असते, आणि जुने रायबोसोम स्वभक्षणाच्या, म्हणजे पेशीने स्वतःचेच भाग पचवण्याच्या, मार्गाने त्या पिशवीत पोहोचले की तेथे त्यांच्यातील आरएनए तुटते. हे विकर निकामी असलेल्या रोपांत रायबोसोमचे आरएनए रिक्तिकेत साचून राहते. पान चुरडले की पिशव्या फुटतात आणि सगळेच एकत्र होते, म्हणूनच प्रयोगशाळेत आरएनए काढताना पान आधी द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून मगच कुटतात.

प्रथिन बनवण्याचा जनुकाचा संदेश नेणाऱ्या संदेशवाहक आरएनएची गोष्ट वेगळी आहे. ते विकरांच्या सहवासातच, पेशीद्रवात वावरते, पण त्याच्या रक्षणासाठी एका टोकाला रासायनिक टोपी आणि दुसऱ्या टोकाला अॅडेनिनची लांब शेपटी असते. ही शेपटी आखूड झाली की सहसा टोपी काढली जाते, मग एक्सआरएन४ हे विकर टोपीच्या बाजूने आणि एक्झोसोम हा प्रथिनसमूह शेपटीच्या बाजूने साखळी कुरतडत जातो. कधी आर्गोनॉट प्रथिन, सुमारे २१ घटकांच्या लघु आरएनएच्या खुणेवरून, साखळी मधूनच कापते आणि दोन उघडी टोके आयतीच मिळतात. गंमत म्हणजे हरितलवकात याच्या नेमके उलट घडते : तेथे शेपटी जोडली जाणे हेच तोडण्याचे आमंत्रण असते.

हा सारा खटाटोप केवळ साफसफाईसाठी नसतो. आरएनएमध्ये भरपूर फॉस्फरस असतो, आणि मातीत फॉस्फेट कमी पडले की अरॅबिडॉप्सिस आरएनएस१ हे दुसरे विकर मोठ्या प्रमाणात तयार करू लागते.