ओलांडला येताय? मग कुठलं काम कुठल्या सरकारकडे, ते बघून ठेवा

तुम्ही विचारलंत, ‘मारिएहाम्नमध्ये नोकरी मिळतेय, पण ओलांड बेटं नक्की कोणाची? आमची कामं कोणत्या सरकारकडे पडणार?’ मी आधी पुण्यात सहा महिने फिनिश शिकले आणि इथे उतरल्यावर कळलं की इथली भाषा स्वीडिश. तेव्हा नीट सांगते.

बेटं फिनलंडची. पण 1921 मध्ये राष्ट्रसंघाने फिनलंडकडे देताना स्वायत्तता आणि स्वीडिश भाषा राखायची अट घातली होती, ती आजही पाळली जाते. सध्याचा स्वायत्तता कायदा 1991 चा, अंमल 1993 पासून.

इथली विधानसभा म्हणजे लागटिंग, 30 सदस्यांची. दर चार वर्षांनी ऑक्टोबरमध्ये निवडणूक होते. पक्षही इथलेच, हेलसिंकीचे नाहीत. कोणालाच एकहाती बहुमत मिळत नाही, मग पक्षांची बोलणी चालतात, कोण कोणासोबत यावर इथल्या कॉफीच्या टेबलांवर फड रंगतात, आणि शेवटी लागटिंग सरकारचा प्रमुख निवडतं. त्याला ‘लान्त्रोद’ म्हणतात, आपल्या भाषेत मुख्यमंत्री म्हणा. सगळी लोकसंख्या जेमतेम तीस हजार, त्यामुळे मंत्री वाण्याच्या दुकानात रांगेत दिसला तर दचकू नका.

शाळा, दवाखाना, पोलीस, टपाल हे सगळं या सरकारचं. तुमचं निवासपरवान्याचं काम मात्र फिनलंडच्या स्थलांतर विभागाकडे, प्राप्तिकरही तिकडचाच. इथल्या कचेरीत व्हिसाबद्दल विचारलंत तर हसून हेलसिंकीकडे बोट दाखवतील. लागटिंगने केलेला कायदा राष्ट्राध्यक्ष रोखू शकतात, पण फक्त तो अधिकारकक्षेबाहेर गेला किंवा देशाच्या सुरक्षेला बाधा आणत असेल तरच. कायदा आवडला नाही एवढं कारण पुरत नाही.

आता खरी गोम. लागटिंगला मत द्यायचं किंवा जमीन घ्यायची तर ‘हेमबिग्ड्सरेट’ लागतो, म्हणजे बेटाचं रहिवासीपण. अटी तीन: पाच वर्षं इथे सलग वास्तव्य, स्वीडिश येणं, आणि फिनलंडचं नागरिकत्व. तिसरी अट आपल्याला अडते. ऑक्टोबर 2024 पासून नागरिकत्वासाठी फिनलंडमध्ये साधारणपणे आठ वर्षं राहावं लागतं, आणि ते घेतलं की भारताचं सुटतं. मग ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारत देतो त्या कार्डावर, समाधान मानायचं. जमिनीसाठी सरकारकडे खास परवानगी मागता येते, पण मिळेलच असं धरून चालू नका. भाड्याने राहायला काही अडचण नाही, आणि पालिकेच्या मतदानाला हा हक्क लागत नाही, ठरावीक काळ राहिलात की पुरतं. मी तिथे मत देते.

म्हणून ‘दोन वर्षांत घर बांधू’ हे मनातून काढा आणि स्वीडिशचा क्लास आजच लावा. माझा निळा पासपोर्ट अजून कपाटात आहे. 2027 च्या ऑक्टोबरात शेजारीण लागटिंगसाठी मत देऊन येईल, मी तिच्या मुलाला सांभाळत बसेन.