आजी रडत होती आणि गातही होती

प्रिय बाळा,

सलाम.

तुझा मेसेज मी सकाळी ड्युटीला निघताना वाचला आणि दिवसभर तोच डोक्यात होता. आजोबा आयसीयूत असताना आजी दिवसभर डोळे पुसायची आणि संध्याकाळी घरी जमलेल्या माणसांबरोबर टाळ घेऊन अभंग म्हणायची. तू विचारतेस, देवावर भरवसा असेल तर रडायचं कशाला, आणि एवढी काळजी असेल तर गायला सुचतं कसं? शेवटी आजोबा गेलेच, मग त्या सगळ्या प्रार्थनांचं काय झालं? मेसेजवर दोन ओळींत उरकण्यासारखं हे नाही, म्हणून पत्र लिहिते आहे.

आधी टाळांचं. टोरांटोच्या आपल्या चर्चमध्ये तू गिटार आणि ऑर्गन ऐकत वाढलीस. भायखळ्याच्या त्या दोन खोल्यांत पेटी, टाळ, मृदंग बघून तुला नवल वाटणारच. मराठी मंडळ्यांमध्ये, म्हणजे मराठी ख्रिस्ती चर्चांमध्ये, हे शंभराहून जास्त वर्षं चालत आलंय. रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणजे कोकणातल्या ब्राह्मण घरात जन्मलेले कवी. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईतच झाला. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते सांगत. प्रभूची भजनं आणि अभंग त्यांनी लिहिले, आणि आपली माणसं आपल्याच चालींत देवापुढे बसायला लागली.

आणि तुकोबांची वाट तरी कसली? दुष्काळात बायको गेली, मुलगा गेला, दुकानाचं दिवाळं निघालं. तो माणूस विठोबाशी भांडला, रुसला, त्याला नाही नाही ते बोलला, पण त्याचं दार काही सोडलं नाही. आपल्याकडे देवापुढे तोंड शिवून बसायची रीतच नाही. बायबलातली स्तोत्रंही तशीच आहेत. तेरावं काढून बघ, ‘देवा, किती काळ मला विसरणार’ या गाऱ्हाण्यानेच ते सुरू होतं. छप्पन्नाव्यात तर माझी आसवं तुझ्या बुधलीत भरून ठेव असं देवाला सांगितलंय. आपला मित्र लाजर गेला तेव्हा त्याच्या कबरेपाशी प्रभू येशू स्वतः रडला. तेव्हा आजीच्या रडण्याने तिच्या विश्वासाला उणेपणा येतो असं कुणी म्हणालं तर मुळीच मानू नकोस.

तू तिचा भरवसा आत्ता पाहिलास, मी तो संपाच्या वर्षी पाहिला. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मुंबईतले अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार घरी बसले. आजोबा साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात होते. पगार बंद, किराणावाल्याची उधारी वाढलेली, आम्ही भावंडं शाळेत. आजीची एक सवय होती. तांदूळ धुवायला घेण्याआधी ती त्यातली एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची. पत्र्याचा गोल डबा होता तो, झाकणावर खिळ्याने ओरखडून काढलेला क्रूस. महिनाअखेरीला तो मंडळीत जायचा आणि ज्यांच्या घरी अडचण असेल त्यांना ते तांदूळ मिळायचे. संपात आमच्याकडेच मोजून मापून शिजत होतं, तरी मूठ चुकली नाही. ती लहान झाली, आजी बोटं आवळून घ्यायची, पण टाकायचीच.

पावसाळ्यात एका संध्याकाळी आपल्या चर्चचे पाळकसाहेब तसल्याच मुठींनी भरलेली पिशवी घेऊन आमच्या दारात उभे राहिले. आजी आधी ‘नको, नको’ म्हणाली, मग पदर पुढे केला. घराघरांतला तांदूळ होता तो. रेशनचा जाडा, कुणाचा उकडा, मध्येच एखाद्या बऱ्या घरचा बारीक दाणा. सगळा एकत्र शिजवायचा म्हणजे काही दाणे मऊ व्हायचे आणि काही कचकचीत राहायचे. तो भात मला अजून आठवतो. जेवणाआधी आम्ही प्रभूची प्रार्थना म्हणायचो, ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे.’ आज दे, एवढंच. पुढच्या महिन्याची त्यात मागितलेलीच नाही. आजीने ते तसंच्या तसं धरलं होतं. सकाळी प्रार्थना करायची आणि दुपारी शेजारच्या बायकांच्या साड्यांना फॉल-बिडिंग करून चार पैसे मिळवायचे. प्रार्थना केली म्हणून हात बांधून बसावं असं तिला कधी वाटलं नाही. गिरणी पुढे उघडलीच नाही. आजोबांना वॉचमनची नोकरी मिळाली आणि तिच्यावर आमची शिक्षणं झाली.

आजोबांच्या आजारपणातही बघ. तिने डॉक्टरांना चार चार वेळा प्रश्न विचारले, फाइल स्वतः सांभाळली, रक्त लागेल म्हटल्यावर मंडळीतल्या मुलांना फोन केले. ती मुलं नोकरीवरून परस्पर हॉस्पिटलात गेली. ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ हे बायबलातलं वाक्य प्रेषित पौलाने कैदेत असताना लिहिलंय आणि ते तिथे संपत नाही. प्रार्थना करा, विनंती करा, आभार माना आणि आपली मागणी देवाला कळवा, असं ते पुढे जातं. काळजी पोटात कोंडून ठेवायला त्यात कुठेही सांगितलेलं नाही.

अशा वेळी आजी नेहमी पंडिता रमाबाईंचं नाव काढते. तरुणपणी दुष्काळात आईवडील गेले, थोरली बहीण गेली. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच नवरा पटकीने गेला, पदरात तान्ही मनोरमा. त्याच बाईने मार्च १८८९ मध्ये मुंबईत चौपाटीला विधवांसाठी शारदा सदन उघडलं आणि पुढे केडगावला मुक्ती सदन उभारलं. १९२१ साली मनोरमाही गेली. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. लेक गेल्यावरही त्यांनी ते हातातून टाकलं नाही. पुढच्या एप्रिलात त्या स्वतः गेल्या. देवाने त्यांचं एकही दुःख चुकवलं नव्हतं.

आता तुझा खरा प्रश्न. एवढ्या लोकांनी प्रार्थना केली आणि आजोबा वाचले नाहीत. का, ते मला सांगता येणार नाही, बाळा. पण कुणी म्हणेल की विश्वास कमी पडला म्हणून असं झालं, तर ते खोटं आहे आणि क्रूरही आहे. बायबलातल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याच्या मित्रांनी हेच केलं, दोष त्याच्यावरच टाकला, आणि देवाने त्यांना खडसावलं. मात्र बोलायला लागण्याआधी ते त्याच्याजवळ सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर बसले होते, एक शब्द न बोलता. त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेच. मंडळी आजीकडे चटया टाकून बसली ती तशीच. आजीला एकटीला गाता आलं नसतं. पहिल्या दिवशी तिचा आवाजच फुटत नव्हता. शेजारच्या काकूंनी ओळ उचलली, मागून पेटीने सूर धरला, तिसऱ्या कडव्याला आजी हळूच मिसळली. तू स्वयंपाकघरात चहा गाळत होतीस तेव्हा, म्हणून तुझ्या लक्षात आलं नसेल. ज्या दिवशी तुला स्वतःला भरवसा ठेवता येत नाही, त्या दिवशी दुसरे तुझ्या वतीने ठेवतात. मी देश सोडला तेव्हा सगळ्यात जास्त उणीव भासली ती याची.

म्हणून तुला विचारते. शिक्षण संपत आलंय, नोकरीचं अजून काही नाही, आणि तू रात्री दोन वाजता आईला देवाविषयी मेसेज करतेस. तू हॅलिफॅक्सच्या त्या खोलीत हे एकटीने ओढू नयेस असं मला फार वाटतं. आजीकडची प्रार्थना सभा अजून दर गुरुवारी असते, मुंबईच्या संध्याकाळी साडेसातला. तुझ्याकडे तेव्हा उन्हाळ्यात सकाळचे अकरा आणि हिवाळ्यात दहा वाजलेले असतात. कुणासाठी प्रार्थना करायची ते पाळकसाहेब सुरुवातीला विचारतात. तुला न विचारता मी तुझं नाव देणार नाही. या गुरुवारी आजीला सांगू का? आणि फोन लावून तू ऐकशील का?

तुझी,
आई