पार्सल पोचलं, पण एक नग कमी

नागपूर

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. ह्यूस्टनच्या बाईंनी करवतकाठी (करवतीच्या दात्यांसारख्या काठाचे) कोसा रेशमाचे तीन स्टोल घेतले, ट्रॅकिंगवर पार्सल पोचल्याचं दिसतंय, आणि खोक्यात दोनच निघाले असं त्या म्हणतात. शेवटी तू विचारलंस, "काकू, ती खोटं बोलत असेल तर?" फोनवर अर्धं बोलणं राहून जातं, म्हणून लिहूनच पाठवते.

तिसरा स्टोल कुठे गेला हा एक प्रश्न, आणि त्या बाईंना काय उत्तर द्यायचं हा दुसरा. तू दोन्हींची गाठ मारून बसली आहेस, म्हणून कालपासून तुझ्याकडून उत्तरच गेलेलं नाही. पहिल्या प्रश्नाला आठवडे लागतात, कधी त्याचं उत्तर सापडतही नाही. दुसऱ्याचं उत्तर आज रात्री जायला हवं. ईबे या ऑनलाइन बाजारपेठेवर ग्राहकाने तक्रार नोंदवली की विक्रेत्याला कामकाजाचे तीन दिवस मिळतात. ते उलटले की ग्राहक कंपनीला मध्ये बोलावू शकतो, आणि मग निकाल तुझ्या हातात राहत नाही. एट्सी या दुसऱ्या बाजारपेठेवर मदतीची विनंती आल्यापासून ४८ तासांनी ग्राहक केस उघडू शकतो. ह्यूस्टन उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं, हिवाळ्यात साडेअकरा. रात्री साडेनऊला लिहिलंस तर तिकडे सकाळचे दहा-अकरा वाजलेले असतील आणि झोपण्याआधी कदाचित उत्तरही येईल. आपल्या सकाळी लिहिलंस तर तिकडे रात्र झालेली असते.

लिहिण्याआधी अर्ध्या तासाचं काम कर. कपाटातला माल मोज. त्या रंगाचे किती स्टोल विणकराकडून आले, किती गेले, किती उरायला हवेत. एक जास्त निघाला तर विषय तिथेच संपला, तो पॅकिंगच्या टेबलावरच राहिला होता. मग पाहा, ऑर्डर एकाच पार्सलमध्ये गेली होती ना? टपाल खात्याच्या इंटरनॅशनल ट्रॅक्ड पॅकेट या सेवेला वजनाची मर्यादा आहे, त्यामुळे मोठी ऑर्डर कधी दोन पार्सलांत जाते आणि ग्राहकाला दुसऱ्या ट्रॅकिंग नंबरचा पत्ता नसतो. तुझे तीन स्टोल काही तेवढे जड नाहीत, पण बघायची सवय लाव.

तिसरी गोष्ट टपालाची पावती, तिच्यावर वजन असतं. तू सांगितलंस तसं एक स्टोल १४० ग्रॅमचा, आणि खोकं, कागद, टेप मिळून २१० ग्रॅम. म्हणजे तीन नगांचं पार्सल ६३० ग्रॅमच्या आसपास भरायला हवं, दोन नगांचं ४९०. काउंटरच्या काट्यात पाच-दहा ग्रॅमचा फरक पडेल, १४० चा पडत नाही. पावतीवर ६३० असेल तर तू तीन नग पाठवलेस हे निश्चित. ४९० असेल तर हे पत्र पुढे वाचायचीही गरज नाही, सरळ माफी माग आणि पैसे परत कर.

इथे एक गोष्ट नीट समजून घे, कारण बरेच नवे विक्रेते इथेच अडकतात. पावतीवर ६३० निघालं की तुला वाटेल, आपण सुटलो. तसं नाही. तीन नग नागपुरातून निघाले एवढंच त्या आकड्याने कळतं. वाटेत खोकं फाटलं, कुणी उघडलं, कस्टमने तपासून पुन्हा बंद करताना एक नग बाहेर राहिला, तर त्या बाईंना दोनच मिळाले हेही तितकंच खरं. आणि या बाजारपेठांवर माल ग्राहकाच्या हातात पूर्ण पडेपर्यंतची जोखीम विक्रेत्याची. भरपाई तू कुणाकडे मागायची ते वजनाने ठरतं. बाईंना पैसे द्यायचे की नाही ते त्याने ठरत नाही.

ट्रॅकिंगचंही तसंच. 'वस्तू मिळालीच नाही' या तक्रारीला पोचल्याची नोंद हे भक्कम उत्तर आहे. ईबे आणि पेपाल (ऑनलाइन पैसे घेण्याची सेवा) दोन्हीकडे ७५० डॉलर किंवा त्याहून मोठ्या ऑर्डरला सहीची नोंदही लागते. पण खोक्यात नग कमी निघाला ही तक्रार 'वर्णनाप्रमाणे नाही' या खान्यात जाते. तिथे पार्सल पोचलं हे ग्राहक नाकारतच नाही, त्यामुळे ट्रॅकिंग दाखवून काही साधत नाही. पेपालचं विक्रेता संरक्षणही या दुसऱ्या प्रकाराला लागू नाही. म्हणून तक्रार कोणत्या खान्यात नोंदली आहे ते आधी वाच. पोचलेल्या पार्सलावर 'मिळालीच नाही' असं नोंदवलं असेल, तर ट्रॅकिंग नंबर तिथे लगेच जोड आणि कमी नगाबद्दल वेगळं बोल.

आता उत्तर. तू पाठवलेला मसुदा पाहिला. "आम्ही प्रत्येक पार्सल दोनदा तपासतो, असं होणं शक्य नाही" हे वाक्य काढून टाक. त्यात त्या बाईंना खोटं ठरवलं आहे, तेही काही न पाहता. मी असं लिहीन, तू हेच साध्या इंग्रजीत कर:

"नमस्कार. तीनऐवजी दोनच स्टोल मिळाले हे वाचून वाईट वाटलं. मी आजच शोध सुरू केला आहे. बुकिंगच्या वेळी पार्सलचं वजन ६३० ग्रॅम होतं, त्यामुळे ते वाटेत उघडलं गेलं असण्याची शक्यता आहे. कृपया खोक्याच्या सगळ्या बाजूंचे, टेपचे आणि लेबलचे फोटो पाठवाल का? आतला टिश्यू कागदही एकदा उलगडून पाहावा, स्टोल पातळ असल्याने घडीत राहू शकतो. खोकं आणि कागद अजून टाकू नका, टपाल खात्याला ते लागू शकतात. नग सापडला नाही तर त्याचे पैसे परत करणं किंवा दुसरा पाठवणं, तुम्हाला जे सोयीचं असेल ते मी करीन."

कागदाच्या घडीत स्टोल राहतो हे मी उगीच लिहिलेलं नाही. तलम कोसा गुळगुळीत टिश्यूला चिकटून बसतो आणि घाईत कागदासकट कचऱ्यात जातो. अशा तक्रारींपैकी काही इथेच मिटतात, आणि ग्राहक स्वतःहून कळवतो. त्याला आधीच चोर ठरवलं असेल तर मात्र तो कळवत नाही.

आणि तुझं हे उत्तर वाचणारा एक तिसरा माणूस आहे, हे कायम ध्यानात ठेव. प्रकरण वर गेलं तर कंपनीतला कुणीतरी तुमचे मेसेज वाचून निर्णय देईल. त्याला तू कोण, तांडापेठेतल्या मागावर हा स्टोल विणायला किती दिवस लागले, त्यात तुझा काय जीव गुंतला आहे, यातलं काही ठाऊक नसणार. त्याच्यासमोर फक्त तारखा, फोटो, वजन आणि तुझी भाषा असेल. म्हणून सगळं बोलणं त्या साइटच्या मेसेजपेटीतच कर. बाई म्हणाल्या व्हॉट्सअॅपवर बोलू, तरी नम्रपणे इथेच लिहा म्हण.

पैशाचा विचार भावना बाजूला ठेवून कर. एका स्टोलचे ४८ डॉलर. 'वर्णनाप्रमाणे नाही' असं ठरलं तर ईबेवर परतीचा खर्च विक्रेत्यावर येतो, आणि अमेरिकेहून नागपूरला पार्सल आणायला ४८ डॉलरपेक्षा जास्त लागू शकतात. वर आपल्या कस्टमचा व्याप वेगळा. दोन चांगले स्टोल परत मागवण्यात काहीच राम नाही. तेव्हा दोन त्यांच्याकडे राहू देत आणि तिसऱ्याचे पैसे अंशतः परताव्याने दे. हा परतावा मूळ व्यवहारातूनच कर. बँकेतून वेगळे पाठवलेस तर कंपनीच्या नोंदीत तू काहीच दिलेलं नसतं आणि दुसऱ्यांदा द्यायची वेळ येते. पेपाल परताव्यावर मूळ फी परत करत नाही, तेवढं नुकसान धरून चाल. परताव्याची क्रेडिट नोट (बिलातली रक्कम कमी केल्याचा कागद) बनव आणि निर्यातीच्या बिलासोबत लाव, कारण टपालाच्या निर्यात बिलात तू तीन नगांची किंमत लिहिली आहेस आणि बँकेत आता त्याहून कमी रक्कम राहणार.

त्यांना पैशांऐवजी स्टोलच हवा असेल तर आधी खर्च मोज. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद केली. त्याआधी चारच दिवस आपल्या टपाल खात्याने तिकडची बहुतेक बुकिंग थांबवली होती, ती १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली, हे तुला आठवत असेल. म्हणजे बदली नगावरही शुल्क आलं. दर बदलत राहतात, तेव्हा बुकिंगच्या दिवशीच विचार. शुल्क वाचवायला लेबलवर 'भेट' लिही असं तुला कुणी ना कुणी सांगेल. लिहू नकोस. विकलेल्या मालाचा बदली नग ही भेट होत नाही. खोटं लिहिलेलं पार्सल पकडलं गेलं तर मालही जातो आणि तुझ्या आयात-निर्यात कोडवर खोट्या घोषणेचा डाग बसतो. माझा सल्ला, पहिली पसंती परताव्याला.

बाईंचं समाधान झालं की मग पहिल्या प्रश्नाकडे वळ. परदेशी टपालाचा शोध पाठवणाऱ्याने, म्हणजे तू, इथून सुरू करायचा असतो. रजिस्टर्ड आणि पार्सलसाठी चौकशीची मुदत बुकिंगच्या दुसऱ्या दिवसापासून सहा महिने आहे, पण थांबू नकोस. ज्या डाकघर निर्यात केंद्रातून बुकिंग केलंस तिथे पावती, निर्यात बिलाची प्रत आणि बाईंचे फोटो घेऊन लेखी तक्रार दे आणि पोच घे. टेप बदललेली दिसली किंवा खोक्याला चीर असली तर ते फोटो सगळ्यात वर ठेव. भरपाई मिळेलच असं धरून चालू नकोस, पण तक्रार दिल्याशिवाय तर नक्कीच मिळणार नाही.

आता तुझा मूळ प्रश्न. असे लोक असतात. फोटो मागितले की त्यांचा सूर बदलतो, खोकं आधीच फेकलेलं असतं, एका नगाची तक्रार दोन दिवसांत पूर्ण ऑर्डरच्या पैशांवर जाते, किंवा "पैसे द्या नाहीतर एक तारा देईन" असं येतं. शेवटचा प्रकार ईबेच्या नियमांत बसत नाही. तसा मेसेज आला की वाद न घालता कंपनीला कळव. एक्सप्रेस कुरियरने माल गेला असेल तर आणखी एक आधार मिळतो, ते आपल्या केंद्रात पार्सल पुन्हा तोलतात. तिकडचं वजनही ६३० आणि टेप शाबूत, तर तू ठामपणे नाही म्हणू शकतेस आणि म्हणावंस. मात्र एवढं हातात नसताना केवळ संशयावर नाही म्हणू नकोस. खरं बोलणाऱ्या माणसाला लबाड ठरवणं हे ४८ डॉलरच्या नुकसानीहून मला फार वाईट वाटतं. आणि साइटवरची केस तू जिंकलीस तरी ग्राहक कार्डाच्या बँकेकडे जाऊ शकतो. व्हिसासारख्या कार्डावर त्याला साधारण १२० दिवस मिळतात. तेव्हा फोटो आणि पावत्या निदान सहा महिने पुसू नकोस.

पॅकिंगही बदल. एकापेक्षा जास्त स्टोल असतील तर ते सुती फितीने एकत्र बांध, म्हणजे एक निसटणार नाही आणि कागदात हरवणारही नाही. ऑर्डर नंबरची चिठ्ठी ठेवून सगळे नग एका फोटोत घे, मग उघडं खोकं काट्यावर, मग बंद खोकं काट्यावर, आकडा दिसेल असं. खोक्यात वर एक कागद: एकूण नग ३, रंग अमुक, वजन अमुक. हा कागद ग्राहकाला आधी दिसतो आणि मोजणी समोरच होते. टेप स्वस्तातली घेऊ नकोस. आपल्या मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात तिचा गोंद सुटतो आणि खोकं गोदामातच तोंड उघडतं. जिथे टेप संपते तिथे तुझ्या शिक्क्याचा कागद आडवा चिकटव, म्हणजे कुणी उघडलं तर फोटोत लगेच दिसेल.

आज रात्रीचं उत्तर पाठवण्याआधी मला दाखव, मी अकरापर्यंत जागी आहे. शनिवारी मी इतवारीत येणार आहेच, तेव्हा एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा तिथेच घेऊ. बिल तुझ्या फर्मच्या नावाने घे.

तुझी,
काकू