दूध सोडलं, आता हाडांचं काय?

प्रश्न : मी ५३ वर्षांची, सांगलीला राहते. मुलगी पुण्यात नोकरीला आहे, ती दोन वर्षांपूर्वी व्हिगन झाली, म्हणजे मांस-अंडी-दूध असं प्राण्यांपासूनचं काहीच खात नाही, आणि तिचं बघून मीपण सहा महिन्यांपासून दूध, दही, ताक, पनीर सगळं बंद केलंय. पोट हलकं वाटतं. पण जाऊबाई भेटल्या की एकच, या वयात दूध सोडलंस, हाडांचा भुगा होईल बघ. पाळी जाऊन तीन वर्षं झाली. रोज पालकाचा ज्यूस घेते, पहाटे सहाला फिरायला जाते म्हणजे ऊनही मिळतं. एवढं पुरे ना?

उत्तर : नाही ताई, पुरे नाही. जाऊबाईंचं निम्मं खरं आहे. दुधावाचून अडत नाही, पण दूध काढलं आणि त्या जागी काहीच आलं नाही की मग अडतं, आणि पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरक कमी होऊन हाडांची झीज तशीही वाढलेलीच असते.

आधी तो ज्यूस बंद करा. पालकात कॅल्शियम आहे हो, पण त्यातल्या ऑक्झलेट नावाच्या घटकाने ते असं धरून ठेवलेलं असतं की शंभरातलं जेमतेम पाच अंगी लागतं, दुधातलं तीसच्या आसपास लागतं. वर रोज कच्चा पालक म्हणजे मुतखड्याची भीती वेगळीच. माठाचंही तेच. भाजी म्हणून खा की, पण कॅल्शियमच्या हिशोबात धरू नका. मेथी, मुळ्याचा पाला, शेवग्याचा पाला हे धरा.

आता हिशोब. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. नाचणीच्या पिठात १०० ग्रॅमला साधारण ३५०, म्हणजे दोन भाकऱ्यांत तेवढं आलं. जुडीभर मेथी निवडून दोघांत खाल्लीत तर पावणेतीनशेच्या आसपास. दोन चमचे तिळाची चटणी शंभर-सव्वाशे. कुळथाचं पिठलं किंवा वाटीभर उसळ, ऐंशी धरा. झाले आठशेच्या वर, उरलेल्यासाठी कॅल्शियम घातलेलं सोया दूध घ्या, १०० मिलीला १२० असं पाकिटावर लिहिलेलं असेल तर दोन ग्लासात गाडी बाराशेच्या पार जाते. पण ओतण्याआधी पाकीट हलवा, कॅल्शियम तळाला बसतं आणि आपण वरचं पाणीच पितो! हे आकडे पदार्थातले आहेत, अंगी लागतं ते कमीच, म्हणून थोडं जास्तच धरून चाला.

तिळाचं एक सांगते. बाजारात पांढरेशुभ्र पॉलिशचे तीळ मिळतात ना, ते घेऊ नका, कॅल्शियम बरंचसं सालातच असतं आणि पॉलिशमध्ये ते निघून जातं. मी स्वतः कित्येक वर्षं लाडवाला तेच आणायची कारण दिसायला छान, आता मळकट दिसणारे बिनपॉलिशचेच आणते. आणि नाचणीला मोड आणा. रात्री भिजत घाला, सकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधून ठेवा, दुसऱ्या दिवशी फडकं उघडलं की त्या तांबड्या दाण्यांना पांढरे टिपके फुटलेले दिसतात, मग सावलीत वाळवून मंद भाजून दळून आणा. धान्यातलं फायटेट कॅल्शियम धरून ठेवतं, मोडांमुळे ते कमी होतं म्हणून कॅल्शियम जास्त अंगी लागतं, बाळाला आपण नाचणीसत्त्व देतोच की, मग स्वतःला का नको.

आता ऊन. सहा वाजता ऊन नसतंच, उजेड असतो. कोवळ्या उन्हात डी जीवनसत्त्व मिळतं असं आपल्याकडे घरोघरी सांगतात पण ते बनवणारे किरण सूर्य वर आल्यावरच नीट पोचतात, साधारण अकराच्या पुढे. वीसेक मिनिटं हात उघडे ठेवून गच्चीत बसा, काचेआडून नको, काच ते किरण अडवते. एप्रिल-मेमध्ये मात्र जपून. आणि डी जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी कुणाचं बघून घेऊ नका, आधी रक्त तपासा.

घाबरवायला नाही, पण लपवणारही नाही. ब्रिटनमधल्या एपिक-ऑक्सफर्ड अभ्यासात ५५ हजारांच्या आसपास लोकांना १७-१८ वर्षं पाहिलं, त्याचा निकाल २०२० मध्ये आला. मांस खाणाऱ्यांच्या तुलनेत व्हिगन लोकांत हाड मोडण्याचं प्रमाण ४३ टक्के जास्त आणि खुब्याचं तर दुपटीहून जास्त. वजन, कॅल्शियम, प्रोटीन हिशोबात धरल्यावर फरक कमी झाला पण गेला नाही. म्हणून प्रोटीनही बघा, ५५ किलो वजनाला रोज ४५ ग्रॅम तरी, म्हणजे दोन्ही जेवणांत डाळ-उसळ आणि मधे टोफू किंवा मूठभर दाणे. नुसतं फिरू नका, जिने चढा, एकेक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या उचला, हाडाला भार लागतो. पापड-लोणचं कमी करा, मिठासोबत कॅल्शियम लघवीतून जातं. आणि एकदा डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून घ्या, त्यातला टी-स्कोअर हा आकडा उणे अडीच किंवा त्याखाली आला तर भाकरीवर भागणार नाही, डॉक्टरांकडेच जा.

प्रश्न : मी २२ वर्षांचा, ठाण्यात राहतो, जिम करतो. वर्षभर व्हिगन आहे. बी१२ जीवनसत्त्वासाठी स्पिरुलिना (शेवाळाची पावडर) घेतो, चालेल ना?

उत्तर : नाही रे बाबा. त्यात बरंचसं खोटं बी१२ असतं, म्हणजे रूप तेच पण शरीराच्या कामाचं नाही. झाडपाल्यात भरवशाचं बी१२ कुठेच मिळत नाही, गोळी घ्यावीच लागते, यात वाद घालण्यासारखं काही नाही. हातापायांना मुंग्या येत असतील तर ती बी१२ कमी पडल्याची खूण असू शकते, लगेच तपासणी कर, थांबू नकोस. आणि तुझं वय हाडात जमा करायचं आहे, तिशीपर्यंत भर पडते, पुढे खर्चच.

प्रश्न : थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियमची गोळी मी सकाळी एकदमच घेते, विसरायला नको म्हणून. बरोबर आहे का?

उत्तर : अजिबात नाही, कॅल्शियम थायरॉईडची गोळी नीट अंगी लागू देत नाही. थायरॉईडची सकाळी उपाशीपोटी, कॅल्शियम दुपारच्या जेवणासोबत, मधे चार तास तरी जाऊ द्या. कॅल्शियम एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या वर नको. लोहाची गोळी चालू असेल तर ती रात्री, आणि तिघींचे डबे वेगवेगळे ठेवा.