सर्व्हरवरची अक्षरं मोहरीएवढी का दिसतात?

प्रश्न : मी फोंड्याला राहते आणि पणजीतल्या एका घाऊक दुकानाचे हिशेब पाहते. पावसात रोज बाणस्तारी, जुने गोवे असा फेरा नको म्हणून मालकांनी घरून रिमोट डेस्कटॉपवर, म्हणजे घरच्या कॉम्प्युटरवरून दुकानाच्या मुख्य कॉम्प्युटरला (सर्व्हरला) जोडून, काम करायची मुभा दिली. मुलानं नवा लॅपटॉप घेऊन दिला, १५.६ इंची, फोर-के. बाकी सगळं त्यावर सुरेख दिसतं. दुकानाच्या सर्व्हरवर गेले की मात्र बिलातला इंग्रजी तीन आणि आठ ओळखू येत नाही. सर्व्हर जुना आहे, स्टार्टचं बटण गोल आहे. तिथलं डिस्प्ले सेटिंग रिमोटवरून बदलता येत नाही, असा संदेश येतो. भाच्यानं लॅपटॉपचं रिझोल्यूशनच १३६६ बाय ७६८ केलं, तर अक्षर मोठं झालं, पण धुरकट. ११ तारखेच्या आत मागच्या महिन्याच्या विक्रीचं विवरणपत्र, जीएसटीआर-१, भरायचं असतं. माझ्या चष्म्याचा नंबर वाढला असेल का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : ताई, डोळे तपासायचे तर जरूर तपासा, पण हा दोष त्यांचा नाही. म्हापशात दुकानांचे कॉम्प्युटर दुरुस्त करताना अशीच तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. माणसं महिनोन्महिने स्क्रीनला नाक लावून बसतात आणि कुणाला विचारत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

दुकानातला १९ इंची जुना मॉनिटर डोळ्यांपुढे आणा. १३६६ बाय ७६८ च्या त्या पडद्यावर इंचाला साधारण ८२ ठिपके (पिक्सेल) बसतात, तुमच्या लॅपटॉपवर २८२. सर्व्हर अक्षर पाठवतो ते ठिपके मोजून. बारा ठिपके उंचीचं अक्षर दुकानात पावणेचार मिलिमीटरचं दिसतं, तुमच्याकडे जेमतेम एक मिलिमीटरचं. लॅपटॉपवरचे बाकीचे प्रोग्रॅम विंडोज स्वतःच मोठे करून दाखवतं. गोल बटणाचा उल्लेख केलात हे बरं झालं. ते विंडोज ७ च्या पिढीचं लक्षण. त्या पिढीचा सर्व्हर तुमच्या लॅपटॉपचं स्केलिंग, म्हणजे अक्षरं किती पट मोठी दाखवायची ते सेटिंग, ओळखतच नाही. म्हणून जे करायचं ते जोडणी करण्याआधी, तुमच्या बाजूनं.

भाच्याचा विचार बरोबर होता, आकडा चुकला. ३८४० ला १३६६ नं भागलं तर पूर्णांक येत नाही. मग एक ठिपका पावणेतीन ठिपक्यांवर ताणला जातो, कडा पसरतात, आणि तीनचा आठ होतो. १९२० बाय १०८० घेतलं की बरोबर दुप्पट. सर्व्हरचा एक ठिपका तुमच्या चार ठिपक्यांवर नेमका बसतो.

तेव्हा लॅपटॉपचं रिझोल्यूशन आधी पूर्ववत ३८४० बाय २१६० करा. रिमोट डेस्कटॉप कनेक्शन उघडा, ‘शो ऑप्शन्स’ दाबा, ‘डिस्प्ले’मधली पट्टी डावीकडे सरकवून १९२० बाय १०८० वर आणा. मग ‘जनरल’मध्ये जाऊन ‘सेव्ह ॲज’नं ही जोडणी डेस्कटॉपवर ठेवा, म्हणजे हे रोज करावं लागणार नाही. जोडल्यावर खिडकी छोटी दिसेल, घाबरू नका. तिच्या वरच्या पट्टीत अगदी डाव्या टोकाला छोटं चित्र आहे, त्यावर क्लिक करून ‘झूम’मध्ये २०० टक्के निवडा. विंडोज १० किंवा ११ अद्ययावत असेल तर हा पर्याय सापडेल.

नेटवर रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची आतली सेटिंग्ज, बदलायचाही एक उपाय सांगतात. झूमची सोय नव्हती तेव्हा तो कामाचा होता. हिशेबाच्या लॅपटॉपवर आता त्याला हात लावू नका.

एक गोष्ट मात्र मालकांना सांगाच. विंडोज ७ आणि त्याचा जोडीदार सर्व्हर २००८ आर२ यांचा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ जानेवारी २०२० ला संपला. दुकानाचा सगळा हिशेब त्यावर असणं मला बारीक अक्षरांपेक्षा जास्त काळजीचं वाटतं. सर्व्हर २०१९ किंवा २०२२ घेतला तर लॉगिन करतानाच तो तुमच्या लॅपटॉपचं स्केलिंग उचलेल आणि झूमची गरज उरणार नाही. नवा सर्व्हर आल्यावर मात्र एक सवय लावून घ्या : काम संपल्यावर नुसती फुली मारू नका, ‘साइन आउट’ करा. फुलीनं सेशन जिवंत राहतं, आणि दुसऱ्या दिवशी दुकानातल्या जुन्या मॉनिटरवरून तेच उघडलंत, की आधीपासून चालू असलेले प्रोग्रॅम अवाढव्य किंवा धुरकट दिसू शकतात.

या खेपेचा जीएसटीआर-१ भरण्याआधी, बारीक अक्षरांत नोंदवलेली त्या महिन्याची बिलं झूम करून एकदा पडताळून पाहा. तीन-आठची गल्लत तिथेच सापडेल.